नॅनो खताची झाकली मूठ आता उघडायला हवी

पेरणीच्या दिवसांत कृषी सेवा केंद्रासमोर रांग लागली की दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. पहिला, ‘डीएपी आला का?’ आणि दुसरा, ‘लिंकिंग आहे का?’ लिंकिंग म्हणजे काय, हे आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या कोण्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. पोतं पाहिजे तर सोबत बाटली घ्या, नाही तर पुढच्या दुकानात जा. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जुलै २०२५ मध्ये सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून नॅनो खते शेतकऱ्यांच्या माथी मारण्याचा हा प्रकार थांबवा, असे कळवले. दिल्लीपर्यंत बोभाटा गेल्याशिवाय असे पत्र निघत नाही.

पण लिंकिंगवर आजवर बरेच लिहून झाले आहे. आजचा मुद्दा वेगळा आहे. बाटली खुशीने घेतलेली असो, जबरीने गळ्यात पडलेली असो की सरकारी योजनेतून फुकट मिळालेली असो, तिच्यात काय आहे, ते कोणी तपासले आणि तपासणीचा कागद कुठे आहे? हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. विचारला तर उत्तर देणाराही तिथे कोणी नसतो. आम्हा विस्ताराच्या कामातल्या माणसांना मात्र तो बांधावर विचारला जातो. ‘साहेब, हे अंगावर उडालं तर काही होते का?’ ‘औषधात मिसळून मारलं तर चालते का?’ ‘विहिरीत गेलं तर?’ उत्तरादाखल आमच्या हाती असते ते एक घडीपत्रक, आणि ते छापलेले असते माल विकणाऱ्यानेच.

नॅनो म्हणजे किती?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. एक ते शंभर नॅनोमीटरच्या दरम्यानच्या कणांना नॅनो कण म्हणतात. इफकोच्या सांगण्याप्रमाणे नॅनो युरियातले कण २० ते ५० नॅनोमीटरचे आहेत.

कण इतका बारीक झाला की त्याचा स्वभाव बदलतो. पदार्थ तोच, पण वागणूक वेगळी. पिवळेधमक सोने नॅनो रूपात पाण्यात लालसर दिसते. चांदीचे नॅनो कण जंतू मारतात, म्हणून जखमेच्या पट्ट्यांत आणि पाण्याच्या फिल्टरमध्ये त्यांचा उपयोग होतो. हा गुण कामाचाच आहे. पण जंतू मारणारी वस्तू उद्या शेतात आली, तर आपल्या सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठीतल्या रायझोबियमचे काय, हा प्रश्न साध्या शेतकऱ्यालाही पडेल आणि पडायलाच हवा.

म्हणून नॅनो मालाच्या बाबतीत ‘नत्र इतके टक्के, स्फुरद इतके टक्के’ एवढ्यावर भागत नाही. कणाचा आकार किती, त्यावर लेप कशाचा आहे, पाण्यात पडल्यावर तो कण म्हणून टिकतो की विरघळून जातो, श्वासावाटे गेला तर फुप्फुसात काय करतो, मासे, गांडूळ आणि मधमाशीवर त्याचा काय परिणाम होतो, हे सारे सांगितले तरच त्या वस्तूची ओळख पूर्ण होते. याच माहितीला सुरक्षिततेची माहिती म्हणतात आणि ती सर्वांना खुली असावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

हिशेब मांडून पाहू

आता आपल्याकडचा खराखुरा दाखला घेऊ. द्रवरूप नॅनो युरिया गुजरातमधील कलोल येथील इफकोच्या संशोधन केंद्रात तयार झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचा खत नियंत्रण आदेशात समावेश झाला आणि ३१ मे २०२१ रोजी तो बाजारात आणल्याचे जाहीर झाले. एप्रिल २०२३ मध्ये नॅनो डीएपी आला. पुढे कापूस व सोयाबीनसाठीच्या राज्याच्या विशेष योजनेतून या बाटल्या गावोगाव वाटल्याही गेल्या.

पहिल्या नॅनो युरियात नत्र होते चार टक्के. अर्धा लिटरच्या बाटलीत २० ग्रॅम. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्क्यांच्या हिशेबाने २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते. म्हणजे एक बाटली एका पोत्याची जागा घेते असे म्हणताना हजारपट कमी नत्रात तेच काम होते, असा दावा आहे. नत्राचा कणन् कण पानाने शोषला असे धरले तरी २० ग्रॅमचे २१ ग्रॅम होत नाहीत. दहा क्विंटल गव्हाच्या नुसत्या दाण्यातच सुमारे १८ किलो नत्र असते. ते कुठून तरी आलेच पाहिजे. २०२४ मध्ये २० टक्क्यांचा ‘नॅनो युरिया प्लस’ आला. त्यातही बाटलीमागे नत्र भरते सुमारे १०० ग्रॅम.

दुसरा हिशेब फवारणीचा. दोन टक्के साध्या युरियाची फवारणी आपल्या भागाला नवी नाही. हरभऱ्यावर फुलोऱ्यात ती केली जाते. पंधरा लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम युरिया लागतो. पोते २६६ रुपये ५० पैशांचे धरले तर खर्च दोन रुपयांच्या आत, आणि पानावर नत्र पडते १३८ ग्रॅम. त्याच पंपात लिटरला चार मिलिप्रमाणे ६० मिलि नॅनो युरिया टाकला, तर सव्वादोनशे रुपयांच्या बाटलीच्या हिशेबाने २७ रुपये लागतात. पानावर नत्र पडते चार टक्क्यांच्या मालात अडीच ग्रॅमच्या आत, २० टक्क्यांच्या मालात १२ ग्रॅमच्या आसपास. म्हणून नॅनोची खरी परीक्षा घ्यायची तर ती पोत्याशी नव्हे, या दोन रुपयांच्या फवारणीशी घ्यायला हवी.

याचा अर्थ बाटली खोटी आहे, असा निकाल कोणी काढू नये. नवीन वस्तू नव्या पद्धतीने काम करत असू शकते. पण दावा जितका मोठा, तितका पुरावा मोठा हवा. इफको म्हणते, ९४ पिकांवर ११ हजार ठिकाणी चाचण्या झाल्या आणि उत्पादन सरासरी आठ टक्के वाढले. उलट लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगात, शिफारशीइतके नत्र दिलेल्या शेतीच्या तुलनेत नॅनो युरियाच्या शेतीत भाताचे उत्पादन १३ टक्क्यांनी आणि गव्हाचे २१.६ टक्क्यांनी घटले. डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठाच्या मॅक्स फ्रँक आणि सोरेन हुस्टेड या दोन शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये लेख लिहून या दाव्यांच्या शास्त्रीय आधारावरच शंका घेतली. युरिया मुळातच पाण्यात सहज विरघळतो, मग त्याला नॅनो करून काय साधले, असा त्यांचा सवाल आहे.

एक म्हणतो आठ टक्के वाढ, दुसरा म्हणतो एकवीस टक्के घट. मधे शेतकरी. अशा वेळी न्याय कसा करायचा? अकरा हजार ठिकाणचे मूळ आकडे सर्वांसमोर मांडा. कोणती जमीन, कोणते वाण, पाऊस किती, पोत्यातला युरिया किती कमी केला, शेजारच्या पट्ट्यात काय दिले होते आणि किती क्विंटल झाले, हे सगळे कळू द्या. फसलेले प्रयोगही त्यात दाखवा. मग अकोल्याचे विद्यापीठ पाहील, लुधियानाचे पाहील, डेन्मार्कचेही पाहतील. वाद आपोआप मिटेल. सरासरीचा एकच आकडा छापून मूठ झाकून ठेवली तर ती सव्वा लाखाची राहते खरी, पण कोणासाठी?

यवतमाळने शिकवलेले

उत्पादनाचा प्रश्न पैशाचा आहे. सुरक्षिततेचा प्रश्न जिवाचा आहे. मानोऱ्याची शीव ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. २०१७ च्या खरिपात तिथे कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घालावी लागली. त्या वर्षी बऱ्याच जणांनी दोन-तीन औषधे एकत्र करून मारली होती. अंगात नेमके कोणते विष भिनले आहे, हेच कळेना, तर डॉक्टर इलाज कशावर करणार?

नॅनो युरियाने कोणाला विषबाधा झाली, असे येथे म्हणायचे नाही. युरिया हा पदार्थ कीटकनाशकांच्या पंगतीत बसणारा नव्हे, हेही स्पष्ट सांगतो. पण शेतातली वस्तुस्थिती काय आहे? नॅनो खत कोणी एकटे मारत नाही. मजुरी वाचावी म्हणून त्याच पंपात अळीचे औषध, बुरशीचे औषध आणि टॉनिक पडते. तुषार नाकातोंडात जातो तो पंपवाल्या मजुराच्या. बाटलीवर मास्क आणि हातमोजे वापरा, असे लिहिलेले असते. पण अमुक औषधासोबत मिसळल्यास काय होते, याच्या चाचण्यांचे निकाल त्या मजुराला किंवा त्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कोण देणार?

आणखी एक बाब आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. न वाचता येणाऱ्यालाही लाल म्हणजे जहाल, एवढे कळते. नॅनो खत हे खत म्हणून विकले जाते, त्यामुळे त्यावर असा त्रिकोण नसतो. युरियाच्या बाबतीत याने बिघडणार नाही कदाचित. पण नॅनो झिंक आले, नॅनो कॉपर आले, नॅनो रूपातली कीटकनाशके प्रयोगशाळांत तयार होत आहेत. तांबे मासोळीला आणि गांडुळाला बाधते, हे जुनेच ज्ञान आहे. तेव्हा ‘युरियाला काही झाले नाही, मग हेही चालेल’ म्हणणे धोक्याचे. प्रत्येक मालाचा कागद वेगळा हवा.

एका वांग्याने दाखवलेली वाट

कोणी म्हणेल, कंपन्यांची गुपिते अशी चव्हाट्यावर मांडता येतील का? कृती गुप्त ठेवायला कोणाची हरकत नाही. कण कसा बनवतात ते त्यांच्यापाशी राहू द्या. पण तो कण खाल्ल्यावर, अंगाला लागल्यावर, पाण्यात गेल्यावर काय करतो, हे गुपित असू शकत नाही. हॉटेलवाल्याने मसाल्याचे माप सांगू नये, पण जेवणात काय घातले हे सांगायलाच हवे.

आपल्याच देशात याला दाखला आहे. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्याच्या जैवसुरक्षा चाचण्यांची माहिती सुरुवातीला बंद होती. माहितीच्या अधिकारात ती मागितली गेली, प्रकरण वरपर्यंत गेले आणि २००८ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. मग देश-परदेशातल्या शास्त्रज्ञांनी ती तपासली, बाजूने आणि विरोधात लिहिले. २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या, त्यातली एक आपल्या नागपूरला. शेवटी ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. तो निर्णय बरोबर की चूक, यावर दोन मते आहेत. पण चर्चा अफवांवर नव्हे, कागदावर झाली. नॅनोच्या बाबतीतही तेच व्हावे.

जगाचे काय चालले आहे?

जगात हा विचार नवा नाही. प्रगत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २००६ मध्ये नॅनो पदार्थांसाठी कार्यगट नेमला, निरनिराळ्या देशांनी चाचण्या वाटून घेतल्या आणि अहवाल खुले केले. फ्रान्समध्ये २०१३ पासून नॅनो मालाची सरकारदरबारी नोंद करावी लागते. युरोपने २०१७ मध्ये नॅनो पदार्थांची माहिती लोकांना देणारे एक केंद्रच उघडले. ‘ई-नॅनोमॅपर’ नावाच्या प्रकल्पात वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकाच नमुन्यात बसवले, जेणेकरून एकाचे दुसऱ्याला वाचता यावे. खाद्यपदार्थांना पांढरेपणा आणणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नॅनो कणांचा अंश असतो. जमलेल्या अभ्यासांची फेरतपासणी करून २०२१ मध्ये तो सुरक्षित मानता येत नाही, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितले आणि २०२२ मध्ये तिथे खाण्यात त्यावर बंदी आली. माहिती साठत गेली, म्हणून जुना निर्णय बदलता आला.

आपल्याकडेही जुलै २०२० मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने शेती आणि खाद्यपदार्थांतील नॅनो मालाच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. नॅनो युरियाच्या चाचण्या याच तत्त्वांप्रमाणे आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे झाल्या, असे इफको सांगते. उत्तमच. मग त्या चाचण्यांचे पूर्ण अहवाल मराठी सारांशासह समोर ठेवायला अडचण काय? चांगला निकाल लपवून कोणाचा फायदा झाला आहे?

वाशिमच्या बांधावरून जगाची चिंता कशाला, असेही कोणी म्हणेल. पण ही बाटली जगात फिरते. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात बंद केली, तेव्हा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारताच्या हवाई दलाच्या विमानांनी १०० टन नॅनो नत्र खत तिकडे पोहोचवले. गरीब देशांपाशी प्रत्येक मालाची तपासणी करायला प्रयोगशाळा नाहीत, पैसाही नाही. एका देशाने केलेली चाचणी खुली असेल तर दहा देशांची वाचते, प्राण्यांवरचे तेच ते प्रयोग वाचतात.

आणि गरज तर खरीच आहे. जमिनीत टाकलेल्या युरियातले बरेचसे नत्र पिकाला मिळतच नाही. काही विहिरीच्या पाण्यात नायट्रेट होऊन उतरते, काही नायट्रस ऑक्साइड वायू होऊन हवेत जाते. हा वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट जोरकस आहे. डीएपीसाठी आपण परदेशाचे तोंड पाहतो. अशा वेळी एखादी बाटली खरोखरच अर्धे पोते वाचवत असेल, तर ती शेतकऱ्याला, सरकारच्या तिजोरीला आणि साऱ्या जगाला हवी आहे. पण खरे काय ते खुल्या आकड्यांवाचून कळणार नाही. वाचवत नसेल आणि आपण युरिया कमी केला, तर उत्पादन घटेल. घटलेले उत्पादन भरून काढायला पुन्हा जास्त जमीन, जास्त खत लागेल. म्हणजे पर्यावरणाच्या नावाने पर्यावरणाचेच नुकसान.

गावात काय करता येईल?

सगळे दिल्ली-मुंबईवर सोडून चालणार नाही. पहिली गोष्ट, सोयाबीनवाल्यांनी लक्षात घ्यावी. सोयाबीन आपले बरेचसे नत्र मुळांच्या गाठीतून स्वतःच मिळवते. पेरणीच्या वेळी शिफारशीचा डोस आणि बियाण्याला रायझोबियम लावले की वरून युरियाची गरज पडत नाही. मग नॅनो युरियाची बाटली तिथे कशासाठी, हे घेण्याआधी विचारा.

दुसरी गोष्ट, गव्हाला किंवा कापसाला नॅनो वापरायचाच असेल तर सारे शेत एकदम त्यावर टाकू नका. चार पट्टे पाडा. एकात नेहमीचा डोस. दुसऱ्यात युरिया कमी आणि नॅनो. तिसऱ्यात युरिया तितकाच कमी आणि दोन टक्के साध्या युरियाची फवारणी. चौथ्यात युरिया तितकाच कमी आणि वरून काहीच नाही. हा चौथा पट्टा विसरू नका. नॅनोने फरक पडला की न पडला, ते त्याच्याशी ताडूनच कळते. मळणी वेगवेगळी करा, वजन लिहून ठेवा. करड्याचे कृषी विज्ञान केंद्र, अकोल्याचे विद्यापीठ आणि कृषी विभागाने एकच नमुना ठरवून सहाही तालुक्यांतून असे आकडे गोळा केले आणि जसेच्या तसे जाहीर केले, तर वाशिमचा आकडा उद्या परदेशातला शास्त्रज्ञही वाचू शकेल.

तिसरी गोष्ट सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच) आणि विक्रेत्यांसाठी. गावात योजनेतून नॅनो माल वाटायचा असेल तर वाटपाआधी त्याचा माहितीपत्रक-कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, ग्रामसभेत वाचून दाखवा. त्यात कणाचा आकार, घटक, त्वचा, डोळे आणि श्वास यांवरच्या चाचण्यांचे निकाल, कोणत्या औषधासोबत मिसळू नये, विषबाधा झाल्यास काय करावे, चाचणी कोणत्या प्रयोगशाळेने कधी केली, एवढे असावे. उत्पादकाकडे तसा कागद नसेल तर कृषी विभागामार्फत लेखी मागा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात सरकारी कार्यालयांनी न मागताही माहिती जाहीर करायची आहे. त्याचा उपयोग इथे नाही करायचा तर कुठे? आणि फवारताना कोणाला मळमळले, डोळे जळाले, तर पंपात काय काय होते ते आरोग्य केंद्रात लिहून द्या, बाटल्या सोबत न्या.

‘शेतकऱ्याला एवढे आकडे कळतात कुठे?’ असे काही शहाणे म्हणतात. ज्या शेतकऱ्याला सातबाऱ्यावरचा गुंठा कळतो, मालाचा ओलावा आणि बाजारभाव कळतो, २०१५ पासून जमीन आरोग्य पत्रिकेवरचा सामू कळू लागला, त्याला हेही कळेल. सातबारा कधीकाळी तलाठ्याच्या बस्त्यात होता. तो मोबाईलवर आला म्हणून कोणाची जमीन गेली नाही, उलट फेरफाराची लबाडी करणाऱ्याला आळा बसला. खताच्या बाटलीलाही आपला सातबारा हवा. ज्याला जमेल तो वाचेल, ज्याला जमणार नाही त्याला शेजारचा शिकलेला पोरगा वाचून दाखवेल.

नॅनोला विरोध करणे सोपे आहे आणि डोळे मिटून डोक्यावर घेणे त्याहून सोपे. दोन्हीत शेतकऱ्याचे हित नाही. येत्या हंगामात दुकानदाराने बाटली पुढे केली की भाव विचारण्याआधी एवढेच म्हणा, ‘भाऊ, याच्या तपासणीचा कागद दाखव.’ एकाने विचारले तर तो हसेल. गावाने विचारले तर तो वर विचारील, आणि वरच्याला उत्तर द्यावेच लागेल.